हिना बाहुल्यांना भुतापेक्षा ओलं फडकं जास्त बाधतं

फेब्रुवारी आला की तो मेसेज पुन्हा फिरू लागतो: ‘जपानच्या संग्रहालयांतल्या शापित बाहुल्या’. लाल कापडाच्या पायऱ्यांवर मांडलेल्या हिना बाहुल्यांचा, म्हणजे ३ मार्चच्या मुलींच्या सणाला जपानमध्ये मांडतात त्या राजदरबारी बाहुल्यांचा, फोटो, खाली काही ‘सत्यं’ आणि शेवटी घरगुती सल्ला. यंदा तो टोकियोतल्या माझ्या भाचीपर्यंत पोचला. शेजारच्या आजींनी तिला जुना संच दिलाय आणि ती फडकं भिजवायच्या बेतात होती. म्हणून आधी सल्ल्याचंच बघू.

‘ओल्या फडक्याने चेहरे पुसा, कापूर आणि डांबराच्या गोळ्या घालून ठेवा.’ चेहऱ्यावरचा पांढरा थर म्हणजे गोफुन. शिंपल्यांची वस्त्रगाळ पूड सरसात कालवून हातावर हात देत तो चढवतात. सरस पाण्याने सुटतो. फडकं फिरवलंत तर भुवया आणि ओठ फडक्यावर येतील. बोटांचा घामटपणासुद्धा कालांतराने पिवळा डाग होऊन उमटतो. त्यामुळे चेहऱ्याला हात लावायचाच नाही. बाहुली खालून, धडाला धरून उचलायची. धूळ कोरड्या मऊ कुंचल्याने वरून खाली झटकायची. पंखा, तलवार, मुकुट आधी काढून वेगळे गुंडाळायचे, चेहऱ्यावर मऊ कागद बांधायचा.

आता गोळ्या. डांबराची गोळी एकटी ८० अंशांना वितळते, कापूर १७५ च्या पुढे. दोन्ही एकत्र आले की मिश्रण तिशीतच पाझरायला लागतं, म्हणजे उन्हाळ्यात बंद पेटीत. ते तेलकट थेंब रेशमावर पडले की डाग कायमचा. कुठलाही एकच प्रकार, थोडा, पेटीच्या कोपऱ्यात, कापडाला न टेकता ठेवायचा.

‘३ मार्चच्या मध्यरात्रीआत झाकल्या नाहीत तर मुलीचं लग्न होत नाही.’ उशीर केला तर लग्न लांबतं, अशी समजूत जपानमध्ये आहे, हे मान्य करावं लागेल. पण काही भागांत हा सण जुन्या पंचांगाच्या जवळ जावा म्हणून ३ एप्रिलला करतात. तिथल्या मुलींची लग्नं होतातच. बाहुल्या जूनच्या पावसाआधी, कोरड्या दिवशी आत जायला हव्यात, एवढंच. पावसाळी रात्री घाईने भरल्या तर पेटीत दमट हवा कोंडते आणि बुरशी धरते.

‘संग्रहालयं वर्षभर लपवतात.’ कारण उजेड! रंगवलेलं रेशीम उजेडाने विटतं आणि ही हानी वर्षानुवर्षं साचत जाते. म्हणून अशा वस्त्रांवर साधारण ५० लक्सच (लक्स हे उजेड मोजायचं एकक) उजेड ठेवतात आणि मांडणी हंगामापुरती करतात. क्योतोचं राष्ट्रीय संग्रहालय आणि नागोयाचं तोकुगावा कला संग्रहालय यांची हिना प्रदर्शनं याच दिवसांतली.

‘केस वाढतात.’ ही दंतकथा होक्काइदोतल्या मान्नेन-जी देवळातल्या ओकिकू नावाच्या बाहुलीची. ती हिना नव्हेच. हिना बाहुल्यांचे केस बहुधा काळ्या रंगवलेल्या रेशमाचे असतात.

‘हजार वर्षांत काही बदललं नाही.’ १७२१ साली शोगुनच्या, म्हणजे तेव्हाच्या लष्करी सत्ताधाऱ्याच्या, सरकारने ८ सुनपेक्षा, म्हणजे सुमारे २४ सेंटिमीटरपेक्षा, उंच बाहुल्यांवर बंदी घातली. त्याआधी बाहुल्या मोठ्या आणि चैनीच्या होत चालल्या होत्या, म्हणून तर हुकूम लागला. पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस निर्बंध पुन्हा कडक झाले, तेव्हा कारागिरांनी बोटाएवढ्या बाहुल्या आणि तेवढंच सामान इतकं बारीक केलं की चैन उंचीतून निघून नाजूकपणात शिरली. राजा-राणीची जागासुद्धा एक नाही: क्योतोच्या जुन्या रीतीत राजा बघणाऱ्याच्या उजवीकडे, टोकियोकडे डावीकडे.

‘बाहुल्यांवर पीडा उतरवतात’ हे अर्धं खरं. वाकायामाच्या आवाशिमा देवळात ३ मार्चला बाहुल्या होड्यांतून समुद्रात सोडतात. पण ज्यांवर पीडा उतरवली त्या पाण्यात जातात. काचेच्या कपाटात कोण मांडेल?

आणि कळस म्हणजे ‘खालच्या पायरीवरची काळी पेटी ही शवपेटी’. सात पायऱ्यांच्या मांडणीत पंधरा बाहुल्या: राजा-राणी, तीन दासी, पाच वादक, दोन मंत्री, तीन सेवक. त्यांच्याखाली नवरीचं सामान, छोट्या आकारात: कपाट, आरसा, शिवणाची पेटी, शेगडी, चहाची भांडी, पालखी, बैलगाडी. आपल्या भाषेत रुखवतच. ती काळी, सोनेरी नक्षीची पेटी म्हणजे नागामोची, नवरीचे कपडे आणि अंथरूण-पांघरूण ठेवायची.