लिबरऑफिस अडकतंय म्हणून युनिकोड सोडू नका

"स्वतः कंपाइल केलेल्या लिबरऑफिसमध्ये मराठी टायपिंग स्लो? हे करा" असा एक मेसेज सगळीकडे फिरतोय. (लिबरऑफिस म्हणजे टायपिंगसाठीचा फुकट मिळणारा प्रोग्राम, आणि कंपाइल करणं म्हणजे त्याच्या सोर्सवरून, म्हणजे मूळ कोडवरून, तो स्वतः तयार करणं.) तो गोव्यात वाळपईला माझ्या मामांपर्यंत पोचला आणि त्यांनी त्यातला पहिला उपाय सुरूसुद्धा केला, म्हणून हे लिहायला बसलो. मेसेजमध्ये म्हटलंय की युनिकोड (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला नंबर देणारी पद्धत) सोडा आणि जुने फॉन्ट वापरा, प्रोफाइलचं, म्हणजे तुमच्या सेटिंग्जचं, फोल्डर उडवा, रॅम वाढवा, गोव्याच्या दमट हवेत कीबोर्ड बिघडतो तो बदला, आणि सोर्सवरून बनवलेला प्रोग्राम स्लोच असतो, त्याला इलाज नाही.

युनिकोडचा मुद्दा सगळ्यात वाईट. देवनागरी अक्षर इंग्रजीच्या तिप्पट जागा खातं म्हणून टायपिंग अडकतं म्हणे. तिप्पट हे खरं आहे, पण कुठे? यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे युनिकोड साठवायच्या एका पद्धतीत, 'अ' ला 3 बाइट लागतात आणि इंग्रजी अक्षराला 1. लिबरऑफिस चालू असताना मजकूर यूटीएफ-16 या दुसऱ्या पद्धतीत ठेवतं, तिथे दोघांना 2-2 बाइटच. मग अडकायचं कारण कुठे राहिलं? जोडाक्षरं नि मात्रा जुळवायला हार्फबझला (अक्षरांचे आकार जुळवणाऱ्या आतल्या भागाला) जास्त काम पडतं एवढं मान्य करतो, पण तेच काम लिनक्सबरोबर येणारं तयार लिबरऑफिसही करतं आणि ते त्याच लॅपटॉपवर नीट चालतं.

आणि नुकसान केवढं! मामा सत्तरी तालुक्यातल्या धालोंची, म्हणजे बायकांच्या पारंपरिक नाचाची, गाणी गोळा करून टाइप करतायत. जुन्या फॉन्टच्या फाइलमध्ये आत रोमन अक्षरं आणि चिन्हंच असतात, फॉन्ट वरून देवनागरीचा आकार दाखवतो. फाइल फोनवर पाठवली की नुसता कचरा दिसतो, एखादं गाणं शोधायला गेलात तर सापडत नाही, स्पेलचेक नाही, आणि उद्या छापायच्या वेळी कन्व्हर्टर लावून एकेक रफार तपासत बसायचं. ज्या बायकांकडून ही गाणी घेतलीत त्या म्हाताऱ्या झाल्यात, परत परत कोण सांगणार?

खरं कारण मिळायला फार वेळ लागला नाही. मामेभाऊ फर्मागुढीला इंजिनीअरिंगला आहे, कोड शिकायला म्हणून त्याने लिबरऑफिस कंपाइल केलेलं आणि मामा तेच वापरत होते. त्याला 'ऑटोजेन.इनपुट' ही कंपाइल करायचे पर्याय लिहिलेली फाइल उघडायला लावली, आत '--एनेबल-डीबीजीयूटिल'. लिबरऑफिसच्याच कॉन्फिगरच्या हेल्पमध्ये लिहिलंय की हा पर्याय डेव्हलपर लोकांसाठी आहे, त्यात वेळखाऊ जादा तपासण्या असतात आणि '--एनेबल-डीबग'चं (डीबग म्हणजे कोडमधल्या चुका शोधणं) सगळं त्यात येतं, आणि त्या डीबगपुढे सरळ म्हटलंय की कंपाइलरचं ऑप्टिमायझेशन नि इनलाइनिंग, म्हणजे प्रोग्राम वेगवान करायच्या युक्त्या, बंद होतं. पोराचं चुकलं नाही, त्याच्या कामाला तेच बिल्ड (कंपाइल करून तयार झालेला प्रोग्राम) लागतं, पण ते रोज टायपिंग करणाऱ्या माणसासाठी नाही. टर्मिनलवरून चालवून बघा, टाइप करताना 'वॉर्न'ने सुरू होणाऱ्या ओळी धावायला लागतात, मग वेगळा पुरावा नको.

प्रोफाइल बिघडलं तर त्रास होतो हे अर्धं खरं आहे, पण उडवायचं कशाला? त्यातल्या 'वर्डबुक' फोल्डरमध्ये तुम्ही डिक्शनरीत घातलेले शब्द असतात, मामांचे केरी, मोर्ले ही गावांची नावं, मांड (धालो नाचायची जागा) सगळे तिथेच. आधी हेल्प मेनूतून सेफ मोडमध्ये रीस्टार्ट करा, फरक पडलाच तर फोल्डरचं नाव बदलून बाजूला ठेवा.

दमट हवेने कीबोर्ड जातात, आपल्याकडे जातातच, पण मग बटण सगळीकडे अडकेल ना, एकट्या लिबरऑफिसमध्ये कसं? रॅमचं म्हणाल तर मेमरी भरलेली दिसत नसेल तर पैसे घालवू नका.

आणि सोर्सवरून बनवलेलं स्लोच असतं म्हणे! तयार पॅकेज तरी कशावरून बनतं, त्याच सोर्सवरून. दुसरा कुठला एडिटर सीमेकने (कंपाइलची तयारी करणाऱ्या साधनाने) बनवला असेल तर बिल्ड टाइप रिकामा राहिलाय का ते बघा, रिकामा असला की सीमेक स्वतःहून ऑप्टिमायझेशनचा फ्लॅग घालत नाही, आणि तो नसला तर जीसीसी या कंपाइलरचा भर कंपाइल लवकर होण्यावर आणि डीबगिंग सोपं करण्यावर असतो, वेगावर नाही.

मामांना लिनक्सचं तयार पॅकेज घालून दिलं, टायपिंग सुरळीत झालं, मामेभावाचं बिल्ड त्याच्या फोल्डरमध्ये आहे तसं आहे. ज्यांना स्वतःचंच बिल्ड वापरायचंय त्यांनी डीबगच्या ओळी काढून ऑटोजेन परत चालवा, 'मेक क्लीन' करा आणि मग 'मेक'. साध्या लॅपटॉपवर काही तास जातील, रात्री लावून ठेवा.