गरिबांना बजेट शिकवायला निघालात? मग हे वाचाच

परवाच एका कार्यशाळेत रोजंदारीवरच्या बायकांना पडद्यावर रंगीत चकती दिसली: 50 टक्के गरजा, 30 टक्के हौस, 20 टक्के बचत. अमेरिकी कायदेतज्ज्ञ एलिझाबेथ वॉरन आणि त्यांच्या मुलीने 2005 साली हा नियम लोकप्रिय केला, तोही कर जाऊन हातात उरणाऱ्या पगारासाठी. पगार नसला तरी चकती तीच. तुम्हालाही अशी सेवा करायची असेल, तर या सूचना.

कमाईची सरासरी काढा. तीन महिन्यांत 5, 12 आणि 10 हजार आले, म्हणजे महिना 9. वहीत सुंदर दिसतं. पहिल्याच महिन्यात चार हजार कमी पडतात, ते व्याजाने येतात. पण तोवर तुमचं सत्र संपलेलं असतं.

मोबाइलचा रिचार्ज बंद करायला सांगा. काम त्याच फोनवर येतं, असू दे.

कर्जाबद्दल फक्त ‘कमी व्याजाचं घ्या’ एवढंच बोला. 12 हजारांचं कर्ज, 12 टक्के ‘फ्लॅट’, 12 हप्ते: व्याज 1,440, हप्ता 1,120. मुद्दल दर महिन्याला फिटतं, व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण 12 हजारांवर. वर्षभरात वापरायला सरासरी मिळाले जेमतेम साडेसहा हजार. घटत्या शिल्लकेवर मोजा, दर निघतो साडेएकवीस टक्के! त्यात प्रक्रिया शुल्क म्हणून 240 आधीच कापले की गेला पंचवीसच्या वर. हे गणित फळ्यावर मांडायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं नसतात. दीपप्रज्वलनाला मात्र अर्धा तास असतो!

शेवटी प्रमाणपत्र. फोटो.

अहो, ज्या बाईला कुणाचं किती देणं आहे हे तोंडपाठ असतं, तिला तुम्ही काटकसर काय शिकवता? शिकवायचंच असेल तर महिन्याच्या तारखा मांडा. भाडं 5 तारखेला आणि पैसे 10 तारखेला, तर घोळ त्या पाच दिवसांत आहे. हप्त्याची नाहीतर भाड्याची तारीख बदलून मागायला शिकवा. बजेट सगळ्यात वाईट महिन्यावर बेता. वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चाला 12 ने भागा, आणि चांगल्या महिन्यात आधी तो बाजूला काढायला लावा. एवढं करूनही बेरीज तुटीतच गेली, तर बचतीवर बोलू नका. तुटीतून 20 टक्के काढता येत नाहीत, कुणालाच. थकलेली मजुरी किंवा हक्काची मदत कुठे अडकली आहे ते विचारा, आणि अर्ज भरायला शेजारी बसा.