भंडारा म्हणजे हळद, नुसता पिवळा रंग नाही

मागच्या सोमवती अमावस्येला जेजुरीला खंडोबाच्या दर्शनाला गेलो होतो आणि तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहितोय, जरा मोठं होईल. पालखी गडावरून कऱ्हा नदीच्या स्नानाला निघाली, चारी बाजूंनी भंडाऱ्याची उधळण सुरू झाली, येळकोट येळकोट जय मल्हार, अंगावर काटा आला, आणि दोन मिनिटांत डोळ्यांची अशी आग झाली की समोरचं दिसेना. शेजारी एक काकू लेकराचं तोंड पदराने पुसत होत्या आणि ते बिचारं नुसतं कोकलत होतं. हळद डोळ्यात गेली तरी चुरचुरतं, मान्य, पण पाणी मारलं की थांबतं. हे थांबेचना. खाली आल्यावर खिशातली पुडी नीट बघितली तर मागे बारीक अक्षरात छापलेलं, खाण्यासाठी नाही. वास घेतला, हळदीचा वास नावालाही नाही.

अहो भंडारा खायचा नाही तर काय करायचं? तो प्रसाद आहे. कपाळाला लावायचा आणि चिमूटभर जिभेवर टाकायचा, लहानपणापासून हेच बघितलंय. चंपाषष्ठीला आमच्याकडे तळी भरतात, ताम्हणात विड्याची पानं, सुपारी, खोबरं, भंडारा, पाच जण ताम्हण धरून सदानंदाचा येळकोट म्हणत वर उचलतात, मग तेच खोबरं भंडारा लागलेलं हातावर मिळतं. आजी त्यासाठी हळकुंडं वेगळी काढून ठेवायची, उन्हं द्यायची, खलबत्त्यात कुटायची आणि जुन्या धोतराच्या फडक्यातून वस्त्रगाळ करायची. दोन दिवस घरभर तो वास, तिची बोटं आठवडाभर पिवळी. चातुर्मासात बंद असलेलं वांगं आणि कांदा त्या दिवशी सुटायचा, भरीत-रोडग्याचा नैवेद्य व्हायचा, पण मला आधी आठवतो तो हळदीचा वासच.

आणि बेलभंडारा! गावात कुणी बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन शपथ घेतली, म्हणजे बेलभंडारा उचलला, की विषय संपला, ती शपथ मोडायची कुणाची छाती नव्हती. आता तळहातावरचा भंडाराच खोटा असेल तर शपथ कशाची घ्यायची सांगा.

हा देव सगळ्यांचा आहे. बायको म्हाळसा वाण्याघरची, दुसरी बाणाई धनगराघरची, त्याचे भक्त वाघ्या-मुरळी जागरणाला दारात येतात, लग्न झालं की नवीन जोडपं आधी गडावर जातं आणि नवरा बायकोला उचलून पायऱ्या चढतो. दसऱ्याला तो भलामोठा जड खंडा, म्हणजे तलवार, दातात धरून उचलणारी पोरं बघा एकदा. या सगळ्यांच्या कपाळावर एकच खूण असते, मग ती खरी नको का?

काही जण म्हणतील एवढी हळद परवडत नाही. मग कमी उधळा ना! देवाला चिमूट पुरते, पोतं कुणी मागितलंय? देवस्थानाने गडावर आणि पायथ्याला भंडाऱ्याचे नमुने नियमित तपासावेत, नुसती पिवळी पावडर भंडारा म्हणून विकायला बंदी घालावी, असं माझं स्पष्ट मत आहे. दगडी पायऱ्यांवर, दीपमाळांवर तो रंग बसतो, आणि उधळणारे आपणच आहोत.

मी पुढच्या सोमवतीला घरची हळद डब्यात घेऊन जाणार आहे. हळकुंडं आणलीत, खलबत्ता आजीचाच आहे. बरोबर कुणी येत असेल तर कमेंटमध्ये सांगा, दोन मुठी जास्त कुटून ठेवतो.

सदानंदाचा येळकोट 🙏