कातळ कापून म्युझियममध्ये ठेवा म्हणणाऱ्यांना, लंडनहून

रत्नागिरी जिल्ह्यातल्या बारसू गावाचा विषय आमच्या राजापूरकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अजून थांबलेला नाही. 2023 च्या एप्रिलमध्ये रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं, बायाबापड्या भर उन्हात सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, जाऊन बसल्या, पोलीस आले, आणि तेव्हापासून ग्रुपवर दोन तट आहेत. एक म्हणतो पोरांनी किती पिढ्या मुंबईला चाकरीला जायचं, येऊ दे कारखाना. दुसरा म्हणतो सडा आमचा, त्यावर कोरलेली जुनी चित्रं, ही कातळशिल्पं आमची. आणि दर वेळी कोणीतरी मध्ये पडून सुचवतो की चित्रं कोरलेला कातळ तेवढा कापून काढा, म्युझियममध्ये ठेवा, दोघांचंही समाधान. मी बरीच वर्षं लंडनला राहते, आणि मला या तिसऱ्या सूचनेवरच बोलायचंय, कारण इथे तो प्रकार करून झालाय.

1954 मध्ये लंडनच्या मधोमध, युद्धात बॉम्ब पडून मोकळ्या झालेल्या जागेत नवीन ऑफिसची इमारत बांधायला घेतली होती, तिथे खोदताना रोमन काळातलं मिथ्रास देवाचं देऊळ सापडलं. लोकांनी बघायला रांगा लावल्या, चर्चिलच्या कॅबिनेटपर्यंत विषय गेला. शेवटी तोडगा काय, तर दगड उचलून दुसरीकडे मांडायचे. 1962 मध्ये साधारण शंभर मीटरवर, जमिनीखालचं देऊळ रस्त्याच्या पातळीवर आणून, चक्क सिमेंट लावून उभं केलं. नुकसान दुरुस्त करायला मग 2017 उजाडलं. ब्लूमबर्ग कंपनीने ती जागा घेतली, देऊळ जवळपास मूळ ठिकाणी, रस्त्याच्या सात मीटर खाली परत मांडलं, आज कोणीही फुकट जाऊन बघू शकतं. पण ब्लूमबर्गच्या नव्या इमारतीसाठी परत खोदलं तेव्हा ओल्या चिखलात टिकून राहिलेल्या, रोमन काळातल्या लिहायच्या 400 च्या वर लाकडी पाट्या मिळाल्या, एकीवर तर इसवी सन 57 च्या 8 जानेवारीची तारीख आहे, दोन माणसांमधला पैशाचा व्यवहार. म्हणजे खरी माहिती देवळाच्या दगडांइतकीच त्या आजूबाजूच्या चिखलात होती!

आता हेच आपल्या सड्यावर लावून बघा. बारसूला दोन वाघांच्या मध्ये उभा माणूस कोरलाय, कशेळीला एवढा मोठा हत्ती की त्याच्या अंगात बाकीचे प्राणी कोरलेत, आणि काही ठिकाणी गेंडा आहे जो आज कोकणात कुठेच नाही. हे कधीचं? युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत 2022 मध्ये कोकण आणि गोव्याची मिळून 9 ठिकाणं गेली, बारसू त्यातलं एक, तिथे बारा हजार वर्षं वगैरे म्हटलंय, पण वाद आहेत आणि राहणार, कारण उघड्या कातळावरच्या रेषेचं वय थेट काढता येत नाही. ते कळलं तर आसपासच्या मातीतून, सड्यावर मिळणाऱ्या छोट्या दगडी हत्यारांमधून, जवळच्या गुहांमधून कळणार. चित्र कापून नेलं की ते सगळं तुटलं. मग मुंबईतल्या काचेमागे एक सुंदर दगड राहील, बस.

इथे लोक शहाणे झाले ते उशिरा आणि भांडून झाले. 1989 मध्ये शेक्सपियरच्या काळातलं रोझ थिएटर असंच बांधकामात सापडलं, नट-नट्या रस्त्यावर उतरल्या, आणि 1990 मध्ये सरकारी नियम आला की जमिनीत काय आहे ते परवानगीच्या आधी तपासायचं आणि खर्च बांधणाऱ्याने करायचा. मला आपल्याकडे नेमकं हेच हवंय. बारसूत जागा ठरली, नकाशे आले, मग शिल्पांवरून आरडाओरड. सर्वे आधी झाला असता तर कारखाना हवा म्हणणाऱ्यालाही कुठला सडा मोकळा आहे ते सांगता आलं असतं. आपला 1958 चा कायदा संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटर बांधकाम बंद करतो, पण जे अजून यादीतच नाही त्याचं काय? आणि कारखाना एकटाच शत्रू नाही हो, चिरेखाणी, प्लॉटिंग, रस्ते, आंब्याच्या कलमांसाठी कातळात उडवलेले सुरुंग, यातही शिल्पं जातायत, त्यावर ग्रुपवर कोणी बोलत नाही कारण खाण आपल्याच भावकीची असते.

इंग्लंडचं सगळंच घ्या असं मी म्हणत नाहीये. इथे खोदकाम हा धंदा झालाय, रिपोर्टांचे ढीग लागतात आणि ते वाचणारे मोजके. बिल्डरच्या साइटवर गावातल्या माणसाला सहसा कोणी काही विचारत नाही. आपल्याकडे उलट झालं. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई हे रत्नागिरीचे लोक गावोगाव फिरले, गुराख्यांना, म्हाताऱ्या माणसांना विचारत, आणि एकेक सडा उजेडात आला. ज्यांच्या वाडवडलांनी त्या चित्रांवरून गुरं नेली त्यांना जागा माहीत होत्याच. गुराख्याला विचारायची ही रीत इंग्लंडच्या सिस्टिममध्ये सहसा नाही, आणि सर्वे करायचा तर तो गुराख्याला पगार देऊन बरोबर घेऊनच व्हायला हवा.

आता जमीनमालकाचं. बरेचसे सडे खाजगी आहेत. शिल्प दाखवलं की जमीन अडकणार ही भीती खरी आहे, आणि भीती असली की माणूस रात्रीत जेसीबी फिरवतो. इथे इंग्लंडमध्ये 1996 च्या कायद्यात शेतात खजिना सापडला आणि म्युझियमने तो घेतला तर ते त्याची किंमत देतं आणि शेतमालकालाही साधारणपणे त्यातला वाटा मिळतो, म्हणून लोक लपवत न बसता कळवतात. आपल्याकडे शिल्पाची नोंद सातबाऱ्यावर करा, पण त्याच दिवशी त्या तुकड्याचं वार्षिक भाडं मालकाच्या खात्यात सुरू करा. ग्रुपवरच्या दोन्ही तटांनी एवढी एक मागणी तरी मिळून कलेक्टरकडे न्यावी, मसुदा लिहायला मी तयार आहे.