घर स्वस्त, घरपट्टी महाग

गेल्या महिन्यात पुण्याच्या चुलत भावाने फोनवर विचारले, की तुमच्याकडे घरपट्टीत सवलत मिळते का. पुणे महापालिका स्वतःच्या घरात राहणाऱ्यांना देत असलेली 40 टक्के सवलत मध्यंतरी बंद पडली होती; ती 2023 मध्ये पुन्हा सुरू झाली आणि त्यासाठीचा पीटी-3 अर्ज भरून त्याने आपले बिल कमी करून घेतले होते. मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांची घरपट्टी माफ करण्याचा निर्णय जानेवारी 2022 मध्ये जाहीर झाल्यापासून ‘मुंबईला माफी, मग आम्हाला का नाही’ हा प्रश्न तर आमच्या नातेवाइकांच्या गटावर दर दोन महिन्यांनी उगवतो. मी त्याला माझा आकडा सांगितला : वर्षाला साधारण साडेआठ हजार डॉलर. पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग तो म्हणाला, “अरे, मग घर तुझं कसलं? तू तर भाडेकरूच!”

मी राहतो ते निस्कायुना हे न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी या शहराचे उपनगर. न्यूयॉर्क शहर इथून गाडीने तीन तासांवर आहे. एडिसनने आपला यंत्रांचा कारखाना 1886 मध्ये स्केनेक्टडीत आणला, 1892 मध्ये जनरल इलेक्ट्रिक स्थापन झाली, आणि शेजारीच अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनी, म्हणजे आल्को, रेल्वेची इंजिने बनवू लागली. जगाला उजेड देणारे आणि जगाचे ओझे ओढणारे शहर, असे हे गाव स्वतःला मिरवीत असे. मी सोलापूरचा. लहानपणी आमच्या स्टेशनात काळा धूर सोडत उभी राहणारी डब्ल्यूडीएम-2 जातीची डिझेल इंजिने मूळ आल्कोच्या आराखड्याची होती, हे मला इथे आल्यावर कळले. तो कारखाना 1969 मध्ये बंद झाला. 2017 पासून त्याच्या जागेवर कॅसिनो आहे. जनरल इलेक्ट्रिकने आपले मुख्यालय 1974 मध्ये दुसऱ्या राज्यात हलवले. 1930 मध्ये 95,692 असलेली लोकसंख्या 2020 च्या जनगणनेत 67,047 भरली. ज्याने 1877 मध्ये उभ्या राहिलेल्या जुन्या मिलचा भोंगा थांबल्यानंतरचे सोलापूर पाहिले आहे, त्याला या आकड्यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

अशा ठिकाणी घर स्वस्त मिळते, आणि स्वस्त घर घेताना माणूस त्याचे तळघर पाहायला शिकतो. आमचे घर 1955 चे आहे. खरेदीआधी तपासणीला आलेला गृहस्थ वरच्या खोल्यांत दहा मिनिटे आणि तळघरात सव्वा तास होता. भिंतीवर पांढरी खार फुटली होती, तिच्यावर त्याने बोट फिरवले. पाणी उपसणाऱ्या पंपाच्या खड्ड्यात बॅटरी मारली. जमिनीतून येणारा रेडॉन हा घातक किरणोत्सारी वायू मोजण्यासाठी एक डबी ठेवून दोन दिवसांनी ती परत नेली. 1978 पूर्वीच्या घराच्या रंगात शिसे असू शकते, याबद्दलच्या कागदावर सही घेतली गेली. पुण्यात फ्लॅट घेताना भावाने नमुना फ्लॅट, पोहण्याचा तलाव आणि कार्पेट एरिया पाहिला होता. त्याने जे घेतले ते पाच वर्षांत किमतीने वाढणार होते. माझे घर वाढेल या आशेवर मी घेतलेच नव्हते, आणि हा फरक आमच्या दोघांच्या घरपट्टीच्या वादामागे उभा आहे, असे मला वाटते.

कारण त्या साडेआठ हजारांचे मी काय घेतो, ते मला बिलावर दिसते. सप्टेंबरमध्ये शाळेचे बिल येते आणि जानेवारीत टाऊन (गाव) व काउंटीचे (जिल्ह्याचे). निम्म्याहून बराच अधिक पैसा शाळेला जातो. माझी दोन्ही मुले त्याच सरकारी शाळेत पायी जातात आणि तिथे फी नाही. भाऊ घरपट्टीचे काही हजार रुपये वाचवतो आणि मुलीच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेला वर्षाला सव्वा लाख भरतो, त्याखेरीज उन्हाळ्यात सोसायटीच्या टँकरचे वेगळे. घरपट्टी माफ होते तेव्हा खर्च माफ होत नाही, तो फक्त महापालिकेच्या पावतीवरून दुसऱ्या कुणाच्या तरी पावतीवर जातो, हे मी त्याला सांगितले. त्याला ते पटले नाही. महापालिका पैसे घेऊनही रस्ता करत नाही, मग जास्त का द्यायचे, हा त्याचा प्रतिप्रश्न होता आणि त्याला माझ्याकडे चांगले उत्तर नाही.

मात्र इथली व्यवस्था न्यायाची आहे, असेही मी म्हणणार नाही. घरपट्टीवर शाळा चालते, म्हणून ज्या हद्दीत घरे महाग त्या हद्दीतली शाळा चांगली, आणि शाळा चांगली म्हणून घरे आणखी महाग. माझ्या घरापासून दोन मैलांवर, शहराच्या हद्दीत, जवळपास एवढेच घर निम्म्या किमतीत मिळते. इथले कोणीही एजंट ते तोंडाने सांगत नाहीत, फक्त शाळेच्या हद्दीचा नकाशा पुढे सरकवतात. शहराने रिकाम्या घरांवर काढलेला तोडगा मात्र मला फार आवडतो. 2002 च्या सुमारास तिथले महापौर अल्बर्ट जर्झिन्स्की यांनी न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागातल्या गयानीज, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या गयाना देशातून आलेल्या, कुटुंबांना बसने आणून पडीक घरे दाखवायला सुरुवात केली. ऊसमळ्यांवर गिरमिटिये म्हणून, म्हणजे कराराने बांधून, नेलेल्या हिंदुस्थानी मजुरांचे हे वंशज आले, त्यांनी छपरे बदलली, ओसऱ्या रंगवल्या. आज त्या गल्ल्यांतून अंगणात उंच काठीवर लावलेले रंगीत झेंडे दिसतात, आणि मला मारुतीच्या देवळावरचा झेंडा आठवतो.

आमच्या शेजारच्या आजी कारखान्यातून निवृत्त झाल्या आहेत. दर मे महिन्यातल्या तिसऱ्या मंगळवारी शाळेच्या अंदाजपत्रकावर मतदान असते आणि त्या विरोधात मत देतात, हे त्यांनी मला कुंपणावरून स्वतः सांगितले. पेन्शन तेवढीच राहते आणि पट्टी वाढते, यात त्यांचे काय चुकले? या वर्षीही अंदाजपत्रक मंजूर झाले. सप्टेंबरचे बिल काल आले, गेल्या वर्षापेक्षा दोनशे दहा डॉलरनी जास्त. मी मत दिले नव्हते, कारण माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे, नागरिकत्व नाही.