प्रश्न कोणी ठरवले? एका डॉक्टरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

डॉक्टरसाहेब, नमस्कार.

मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया कळकळीनं लिहिलेली आहे, म्हणून दोन ओळींत उत्तर देऊन मोकळी होत नाही. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी तिचा गोषवारा देते. बायकांच्या आरोग्याचं कोणतं संशोधन होतं आणि कोणतं राहून जातं हे राजकारण ठरवतं, या माझ्या म्हणण्याला तुमचा आक्षेप आहे. तुमच्या मते विज्ञान गरजेप्रमाणे चालतं. देशाकडे पैसा थोडा होता, लोकसंख्या वाढत होती, म्हणून कुटुंबनियोजन पुढे आलं आणि त्यानं असंख्य बायकांचे जीव वाचले. बाकीच्या दुखण्यांचं म्हणाल तर बायका तपासायलाच येत नाहीत, हा तुमचा ग्रामीण रुग्णालयातला उभ्या नोकरीचा अनुभव. आणि अमेरिकेतली भांडणं इथे आणू नयेत.

अमेरिकेचं आधी संपवते. तिथल्या औषध नियामकानं १९७७ साली मूल होण्याच्या वयातल्या बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांपासून दूर ठेवायला सांगितलं. थॅलिडोमाइड हे औषध गरोदरपणात घेतल्यानं हजारो मुलं व्यंग घेऊन जन्मली होती, तो अनुभव ताजा होता, त्यामुळे भीती खोटी नव्हती. पण १९९० मध्ये, संसदेतल्या महिला सदस्यांनी पाठपुरावा केल्यावर, सरकारी लेखापरीक्षकांनी दाखवून दिलं की बायकांना संशोधनात घ्यायचं धोरण कागदावरच राहिलंय. १९९३ मध्ये कायदा झाला, तेव्हा त्यांना घेणं बंधनकारक ठरलं. प्रयोगशाळांना ही उपरती आपणहून झाली नाही, त्यासाठी संसदेत मतदान व्हावं लागलं. एवढं सांगून तो विषय सोडते, कारण आपल्याकडचा प्रश्न वेगळा आहे. आपल्याकडे बायकांना वगळलं नव्हतं. त्यांना बोलावून घेतलं होतं, पण एकाच कामासाठी.

कुटुंबनियोजनानं जीव वाचले हे मला पूर्ण मान्य आहे. २०१८-२० च्या आकड्यांनुसार मातामृत्यूचं प्रमाण लाख जन्मांमागे देशात ९७ आणि महाराष्ट्रात ३३ इतकं खाली आलं, त्यात नको असलेली बाळंतपणं टळल्याचा वाटा आहेच. पण ‘त्या काळची निकड’ हे उत्तर मला पुरत नाही. निकड तर त्याआधीही होती. र. धों. कर्वे १९२१ पासून मुंबईत संततिनियमनाचं केंद्र चालवत होते, तेव्हाही बायका बाळंतपणात मरतच होत्या. त्या कामापायी कर्व्यांची प्राध्यापकी गेली, त्यांच्या मासिकावर अश्लीलतेचे खटले झाले, त्यातला एक खटला डॉ. आंबेडकरांनी लढवला. १९३८ मध्ये आंबेडकरांच्या पक्षानं मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आणला, तो सभागृहानं मोठ्या बहुमतानं फेटाळला. आणि १९५२ मध्ये त्याच देशाचं सरकार जगातला पहिला राष्ट्रीय कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू करतं! मधल्या काळात बाईचं शरीर बदललं नव्हतं. साधनंही फारशी बदलली नव्हती. बाईला जे हवं होतं ते अश्लील होतं. तेच राज्याला हवंसं झालं, तेव्हा ते राष्ट्रकार्य ठरलं.

आता तुम्ही केलेल्या नसबंदीच्या शिबिरांकडे येते, कारण माझा सगळ्यात मोठा मुद्दा तिथे आहे.

पुरुषाची नसबंदी आणि बाईची नसबंदी यांतली सोपी कोणती हे तुम्हाला मी सांगायला नको. एकीत पोट उघडावं लागत नाही, तेवढी जागा बधिर करून काही मिनिटांत काम होतं, माणूस चालत घरी जातो. दुसरीत पोटात शिरावं लागतं. विज्ञानाला ठरवू दिलं असतं तर त्यानं कोणाला टेबलावर घेतलं असतं? आणि ‘पुरुष तयार होत नाहीत’ हेही पहिल्यापासूनचं सत्य नाही. जुलै १९७१ मध्ये केरळात एर्नाकुलमला एका महिन्याच्या शिबिरात सुमारे ६३ हजार पुरुषांनी नसबंदी करून घेतली होती.

मग आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात ६२ लाखांच्या आसपास पुरुषांच्या नसबंद्या झाल्या. शिक्षकांना, तलाठ्यांना, ग्रामसेवकांना ‘केस’ आणायचे कोटे होते. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तर तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं, फक्त राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो. मार्च १९७७ मध्ये लोकांनी सरकार पाडलं, आणि त्या रागात नसबंदीचा राग फार मोठा होता. तो पुरुषांचा राग होता आणि तो मतपेटीत मोजला गेला. त्यानंतर कोणत्याही पक्षाच्या सरकारनं पुन्हा पुरुषाच्या अंगाला हात लावायचं धाडस केलं नाही. खात्याच्या नावातलं ‘नियोजन’ जाऊन ‘कल्याण’ आलं. टार्गेट मात्र राहिलं, आणि ते गुपचूप बायकांच्या अंगावर आलं.

आज चित्र काय आहे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बाईच्या नसबंदीवर अवलंबून असलेली जोडपी ३७.९ टक्के आहेत, पुरुषाच्या नसबंदीवर ०.३ टक्के. जास्त सोपी, जास्त सुरक्षित शस्त्रक्रिया ०.३ टक्क्यांवर! याचं वैद्यकीय कारण मला कोणत्याही पाठ्यपुस्तकातून काढून दाखवा, मी माझा लेख मागे घेईन.

माझ्या मावशीचं ऑपरेशन असंच एका शाळेत झालं होतं. वर्गातले बाक व्हरांड्यात काढलेले, खाली सतरंज्या, त्यावर ओळीनं झोपवलेल्या बायका, गुंगी पुरती उतरायच्या आत कुशीला घेतलेली तान्ही पोरं. तिला पुढे कित्येक वर्षं पाळीत जास्त रक्त जायचं आणि ओटीपोटात दुखायचं. त्या दुखण्याचा ऑपरेशनशी संबंध होता की नव्हता, मी सांगू शकत नाही. पण तिला ते कोणी विचारलंही नाही. तिची ‘केस’ झाली त्या दिवशीच तिची फाइल बंद झाली होती.

हे सगळं जुनं झालं असं म्हणू नका. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडात बिलासपूरजवळ, बंद पडलेल्या एका रुग्णालयाच्या इमारतीत, एका सर्जननं काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं केली. त्यांतल्या दहाहून जास्त जणी गेल्या. त्याच सर्जनचा काही महिन्यांपूर्वी राज्य सरकारनं शस्त्रक्रियांच्या विक्रमी संख्येबद्दल सत्कार केला होता. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१६ मध्ये अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं. तुम्ही म्हणाल, हा निष्काळजीपणा, राजकारण नव्हे. पण सत्कार संख्येचा होतो तिथे टेबलावरच्या बाईकडे बघायला वेळ उरत नाही, आणि ती संख्या वरून ठरते.

तुमचा दुसरा मुद्दा: बायका येत नाहीत. या वाक्यानं मला फार त्रास होतो, कारण ते खरं वाटतं आणि तिथेच सगळे थांबतात. गडचिरोलीत डॉ. राणी बंग थांबल्या नाहीत. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायकांची त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंतर्गत तपासणी केली, नमुने घेतले, प्रयोगशाळेत तपासले. जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक आजारांचा एक तरी प्रकार होता. दर बाईमागे सरासरी ३.६ आजार. आणि याआधी कधी तपासणी आणि उपचार झालेल्या फक्त ८ टक्के.

या आकड्यांपाशी जरा थांबा. या अभ्यासातल्या ४५ टक्के बायकांची काहीच तक्रार नव्हती. अंगावरून पांढरं जाणं, कंबर मोडणं, ओटीपोट दुखणं हे बाईच्या जातीला असायचंच, असं धरून चाललेल्या बाईनं तक्रार करायची कशी आणि कोणाकडे? तिच्या दारात नर्सबाई जायच्या, हे विसरू नका. यंत्रणा तिच्यापर्यंत पोहोचली होती. पण पोहोचल्यावर विचारायची ते ‘किती मुलं? ऑपरेशन कधी करणार?’ गर्भनिरोधनाचे प्रयोग आपल्याकडे १९५४ पासून मुंबईत परळला होत होते, त्यासाठी सरकारी केंद्र होतं. खेड्यातल्या बाईला गर्भाखेरीज काय होतं, हा प्रश्न घेऊन तिच्या गावात राहायला ऐंशीचं दशक उजाडलं, आणि ते काम सरकारनं नाही, एका संस्थेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईनं केलं. बायका येत नव्हत्या हे अर्धं सत्य आहे. आल्या असत्या तर त्यांना तपासायची खोली नव्हती, आडोसा नव्हता, बऱ्याच ठिकाणी बाई डॉक्टरही नव्हती. हे तुम्हीच तुमच्या प्रतिक्रियेत लिहिलंय, फक्त त्याला तुम्ही ‘मर्यादा’ म्हणता.

त्या अभ्यासाचं पुढे काय झालं हेही राजकारणच आहे, आणि या वेळी चांगल्या अर्थानं. जगभरच्या स्त्रीसंघटनांनी तो उचलून धरला. १९९४ च्या कैरोतल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या परिषदेत ‘लोकसंख्या’ या भाषेच्या जागी ‘प्रजनन आरोग्य’ आलं, आणि एप्रिल १९९६ पासून केंद्रानं नसबंदीची टार्गेट्स निदान कागदावर तरी काढून टाकली. राजकारण म्हणजे काहीतरी घाण, ती विज्ञानाला लागू देऊ नये, असं तुम्ही मानता. मी तसं मानत नाही. बायकांनी राजकारण केलं नसतं तर गडचिरोलीचा अहवाल एका नियतकालिकाच्या जुन्या अंकात पडून राहिला असता.

ज्यामागे असा रेटा उभा राहिला नाही त्या संशोधनाचं काय होतं, हे बघायचं असेल तर धाराशिव बघा, तेव्हाचं उस्मानाबाद. बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या मदतीनं १९९९ पासून तिथल्या ३० ते ५९ वयाच्या एक लाख ३१ हजारांवर बायकांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची मोठी चाचणी झाली. २००९ मध्ये निकाल आला. आयुष्यात एकदा एचपीव्ही (हा कर्करोग ज्यामुळे होतो तो विषाणू) तपासणी झालेल्या ३४,१२६ बायकांच्या गटात ३४ मृत्यू, तपासणी न झालेल्या ३१,४८८ च्या गटात ६४. मराठवाड्यातल्या शेतमजूर बायकांच्या शरीरातून निघालेला हा पुरावा आज जगभर दाखला म्हणून दिला जातो. आणि आपल्याकडे? त्याच २०१९-२१ च्या सर्वेक्षणात ही तपासणी कधीही झालेल्या ३० ते ४९ वयाच्या बायका १.९ टक्के. तुलनेच्या गटाला तपासणी न देणं त्या वेळी चालून गेलं, कारण ‘देशात नेहमी मिळते तीच सेवा’ त्यांना मिळत होती. नेहमीची सेवा म्हणजे शून्य होती. ते शून्य कोणत्या प्रयोगशाळेनं ठरवलं होतं?

आणि बीड. तुमच्या ‘येत नाहीत’ला माझं शेवटचं उत्तर बीडचंच आहे. २०१९ मध्ये राज्य सरकारनं नेमलेल्या समितीच्या वेळी जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. कित्येक जणी चाळिशीच्या आतल्या. या बायका डॉक्टरकडे गेल्या होत्या, उचलीतून किंवा कर्ज काढून पैसे मोजून गेल्या होत्या. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकीनं दांडी मारली की मुकादम खाडा धरतो, पालावर ना पाणी ना आडोसा, पाळीत मोळी उचलायची. अशा बाईला खासगी दवाखान्यात कोणी म्हणालं की पिशवी काढून टाक, कॅन्सर होईल, तर ती काढणारच. गर्भाशय काढलेल्या बायकांची देशपातळीवर मोजणी त्या राष्ट्रीय सर्वेक्षणात २०१५-१६ च्या फेरीपासून होऊ लागली. त्याच्या आधीच्या तिन्ही फेऱ्यांत बाईला मुलं किती, साधन कोणतं, हे खोदून खोदून विचारलेलं आहे.

तुम्ही विचारलंत की मग डॉक्टरांनी काय करावं, मोर्चे काढावेत का. मोर्चा काढलात तर मी येईनच. पण माझी तुमच्याकडे मागणी वेगळी आहे. तुमच्या नोकरीची सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्रात झाली असं तुम्ही लिहिलंय. दर महिन्याला जिल्ह्याला जो अहवाल जायचा, त्यात नसबंदीच्या केसेसचा रकाना नक्की असणार. ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी, वर्षानं त्या बाईची तब्येत कशी आहे, याचा रकाना होता का? पांढरं जाण्याचा, अंग बाहेर येण्याचा होता का? असेल तर तो कधी आला आणि कोणी मागितल्यावर आला, ते लिहा. तुमच्या पिढीतल्या डॉक्टरांनी हे लिहून ठेवलं नाही तर दुसरीकडे कुठे सापडणार नाही. तुम्ही पाठवाल ते मी एक शब्द न बदलता इथे छापीन, माझ्या विरोधात असलं तरी.