‘सेफ आहे का रे?’

मेक्सिकोत राहतो म्हटलं की पुण्यात पहिला प्रश्न ठरलेला: ‘सेफ आहे का रे?’ दुसरा: ‘व्हेजचं काय करतोस?’ तिसरा प्रश्न चार वर्षांत कुणी विचारलेला नाही.

इथे कामाला येणारे आपलेही फार वेगळे नसतात. कानकूनला दोन चकरा, ‘ओला’, ‘ग्रासियास’ आणि तूरडाळ कुठे मिळते त्याचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. मीही पहिलं वर्ष असंच काढलं, त्यामुळे फार बोलत नाही. पण जगात सगळ्यात जास्त स्पॅनिश बोलणारी माणसं ज्या देशात आहेत, वर ६८ मूळ भाषा आहेत, तो देश आपल्यासाठी टाको आणि ड्रग्जवाल्या सिरीयलींपुरताच? टोमॅटो आणि चॉकलेट हे शब्दसुद्धा तिथल्या नाउआत्ल भाषेतून आलेत. रोज तोंडात असतात की आपल्या!

मला विचाराल तर हा देश तोर्तिया, म्हणजे मक्याची पातळ पोळी, मिळते त्या दुकानाच्या रांगेत कळतो. पुएब्ला शहरात आमच्या गल्लीतलं दुकान म्हणजे थेट आपली पिठाची गिरणी. लोक घरून फडकं आणतात, त्यात किलोवर गरम तोर्तिया बांधून नेतात. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर भिजत ठेवायचा. चुना म्हणजे आपला पानाचाच. सकाळी दुकानातल्या बाईंनी एक दाणा माझ्या चिमटीत दिला. जरा दाबला तर साल सुटून बोटाला चिकटलं. ‘झालं,’ म्हणाल्या, ‘आता दळायचं.’ चुन्यामुळे पीठ थापता येतं आणि मक्यातलं बी-३ जीवनसत्त्व अंगी लागतं. युरोपवाल्यांनी मका नेला, चुना इथेच राहिला. मग तिकडे नुसत्या मक्यावर जगणारी गरीब माणसं पेलाग्रानं, म्हणजे बी-३ च्या कमतरतेच्या रोगानं, आजारी पडली.

मक्यावरून आठवलं. गदर चळवळीतले आपले वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे १९२४ साली मेक्सिकोत आले, चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवायला लागले, मक्याच्या वाणांवर काम केलं. तिथे त्यांचा पुतळा आहे. वर्ध्यात किती जणांना माहीत असेल कोण जाणे.

आणि मेक्सिकन माणूस सगळं ‘मान्याना’वर, म्हणजे उद्यावर ढकलतो, ही टिंगल बंद करा. इथला खरा शब्द ‘आओरीता’. म्हणजे आत्ता, किंवा संध्याकाळी, किंवा कधीच नाही. अंघोळीच्या आधी ‘पोचतोच आहे’ असा फोन करणाऱ्यांनी यावर हसू नये.

२०२४ ला लक्ष्मीपूजन नेमकं १ नोव्हेंबरला होतं. इथे १ आणि २ नोव्हेंबरला मृतांचा सण असतो, घरातली गेलेली माणसं घरी येतात. त्यांना वाट सापडावी म्हणून दारापासून त्यांच्या फोटोंपर्यंत झेंडूच्या पाकळ्या पसरतात, कोपाल धूप जाळतात. झेंडू मूळचा इथलाच. बाजारात ढीग लागलेले. मी खूश होऊन दाराला जाडजूड तोरण लावलं. घरमालकीणबाई थांबल्या, तोरणाला हात लावला आणि हळू आवाजात म्हणाल्या, ‘तुमच्याकडे कोण येणार आहे?’

मला त्यांचा प्रश्न कळायला जरा वेळ लागला. म्हटलं, ‘लक्ष्मी.’

‘आजी का?’

मोडक्या स्पॅनिशमध्ये लक्ष्मी समजावणं सोपं नाही. धनाची देवी, दार उघडं ठेवायचं, दिवा लावायचा. हे सगळं त्यांना लगेच पटलं. फक्त ताटात तिच्या आवडीचं काही नाही, याचं वाईट वाटलं असावं. थोड्या वेळानं एक गोड पाव आणून दिला.

दुसऱ्या दिवशी जिन्यात गाठ पडली. ‘आली का तुमची?’

म्हटलं, ‘आओरीता.’